एकवीस अंकांची एक संख्या

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या मुलांच्या वर्गाचा शेवटचा अर्धा तास आमच्याकडे आला. गीते झाली होती, पाठ झाला होता आणि खाऊ यायला अजून अवकाश होता. मुले चुळबुळ करू लागली, म्हणून आम्ही फळ्यावर शंभराच्या आतील मूळ संख्या लिहून दाखवल्या. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. यादीच्या शेवटी आम्ही ८३, ८९, ९१, ९७ असे लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ९१ कशी? तेरा साते एक्क्याण्णव." आमच्या तोंडून चटकन निघून गेले, "पुस्तकात तशीच छापली आहे. बस खाली."

ती बसली. घरी येऊन पुस्तक उघडले, तर पुस्तकात ९१ नव्हतीच. ती आम्हीच घातली होती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली. पण "पुस्तकात छापली आहे" हे आपले उत्तर आम्हांला पुष्कळ दिवस बोचत राहिले. त्या निमित्ताने आम्ही ज्या एका मोठ्या संख्येचा अभ्यास केला, ती या महिन्यात वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षक-शिक्षिकांपुढे, ठेवीत आहोत. या संख्येविषयीही "पुस्तकात छापले आहे" एवढ्या आधारावर लोक दोनशेहून अधिक वर्षे चुकीची गोष्ट मानीत होते.

१. संख्येची ओळख

ती संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

हिच्यात एकवीस अंक आहेत. एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणत आपले पूर्वज 'परार्ध' या अठराव्या स्थानापर्यंत जात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ही स्थाने दिली आहेत. त्या मोजणीने आपली संख्या १४७५ परार्धांहून थोडी मोठी भरते.

पण ती दिसते तितकी अवघड नाही. २ घ्या, त्याची दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा. असे २ चे ६७ वेळा गुणन केले म्हणजे २ चा ६७ वा घात मिळतो. त्यातून १ वजा केला की ही संख्या तयार होते. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट मुलांना ठाऊक असते : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पटावरील ६४ घरे भरली म्हणजे एकूण दाणे २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी होतात. पटाला आणखी तीन घरे जोडली आणि तीही याच रीतीने भरली, तर दाण्यांची एकूण बेरीज नेमकी आपली संख्या येते.

२. अशा संख्यांकडे विद्वान का वळले?

६ या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि १ + २ + ३ = ६. तसेच २८ ला १, २, ४, ७ व १४ यांनी भाग जातो, आणि त्यांचीही बेरीज २८ होते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. त्यांपुढच्या दोन परिपूर्ण संख्या ४९६ आणि ८१२८ या होत. पाचव्या शतकात ऑगस्टिन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात सृष्टीच्या सहा दिवसांविषयी लिहिताना ६ या संख्येच्या परिपूर्णतेचा उल्लेख केला आहे. त्यामुळे ख्रिस्ती विद्वानांनाही या संख्यांची ओळख जुनी होती.

परिपूर्ण संख्या शोधण्याची युक्ती युक्लिडने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास दिली. २ चा कोणताही घात घेऊन त्यातून १ वजा करा. उरलेली संख्या मूळ असेल, तर तिला तिच्या अलीकडच्या २ च्या घाताने गुणावे; गुणाकार परिपूर्ण येतो. उदाहरणार्थ, ८ वजा १ म्हणजे ७. ७ मूळ आहे. तिला ४ ने गुणले की २८.

तेव्हा प्रश्न असा राहिला की, २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला असता मूळ संख्या उरते? घातांकच जर मूळ नसेल तर उत्तरही मूळ येत नाही. चौथा घात घेतला तर १५, सहावा घेतला तर ६३, नववा घेतला तर ५११ म्हणजे ७ × ७३. घातांक मूळ असला तरी नेहमी मूळ संख्या येतेच असे नाही. २, ३, ५ आणि ७ हे घातांक घेतले तर अनुक्रमे ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या मिळतात. मग ११ वा घात घ्यावा, तर २०४७ येते, आणि ती २३ × ८९ आहे. म्हणून प्रत्येक संख्या वेगळी तपासावी लागते. आपल्या संख्येचा घातांक ६७ हा मूळ आहे. पण तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

३. मर्सेन यांची यादी

मारिन मर्सेन (१५८८–१६४८) हे पॅरिसमध्ये राहणारे मिनिम संघाचे मठवासी होते. युरोपातील विद्वानांशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार असे. देकार्त काय म्हणतात ते फर्माला कळवावे, फर्माचा प्रश्न दुसऱ्याला पाठवावा, असे त्यांचे काम चाले. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. ती उणीव पुष्कळ अंशी या एका माणसाच्या पत्रांनी भरून काढली.

१६४४ साली त्यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्या अकरांनीच मूळ संख्या मिळते, इतर कोणत्याही घातांकाने नाही. या यादीतील ६७ ही आपली संख्या.

मर्सेन यांनी हे सर्व हिशेब केले असतील काय? ते शक्य नव्हते. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यास सारा काळही पुरणार नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे ती यादी एका जाणत्या माणसाचा अंदाज होता. पण लिहिणारा आदरणीय, ग्रंथ छापील, आणि तपासणे दुरापास्त. त्यामुळे अंदाज हळूहळू ज्ञान म्हणून चालू लागला. त्या संख्यांना आजही 'मर्सेन संख्या' असेच नाव आहे.

४. मूळ नाही हे कळले, पण अवयव कळले नाहीत

१८७६ साली, म्हणजे २३२ वर्षांनी, एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले की आपली संख्या मूळ नाही. चमत्कार असा की, तिला कोणत्या संख्येने भाग जातो हे त्याला सांगता येत नव्हते. भागणारी संख्या हाती नसताना भाग जातो हे कसे कळले?

लुकासच्या पद्धतीला पुढे १९३० मध्ये डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले. ते असे : ४ पासून आरंभ करावा. वर्ग करावा, २ वजा करावे, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवावी. त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य आली नाही तर मूळ नाही. २ सोडून इतर सर्व मूळ घातांकांना ही रीत लागू पडते.

३१ घेऊन पाहू. हिचा घातांक ५, म्हणून तीन वेळा करायचे. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२; ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. हीच रीत २०४७ ला नऊ वेळा लावली तर शेवटी १७३६ बाकी उरते. शून्य नाही, म्हणून ती मूळ नाही. पण २३ आणि ८९ ही नावे मात्र या रीतीत कोठेच येत नाहीत.

दाराबाहेर अनोळखी चपला दिसल्या म्हणजे घरात पाहुणे आले आहेत एवढे कळते. ते कोण, हे आत गेल्यावाचून कळत नाही. लुकासने बाहेरच्या चपला दाखवल्या. आत कोण आहे हे कळायला आणखी २७ वर्षे लागली.

५. तीन वर्षांचे रविवार

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी तेथे मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयी निबंध सादर केला. गणितज्ञ ई. टी. बेल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात ही हकिकत दिली आहे. ते म्हणतात, कोल उठले, एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले आणि त्यांनी २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी दोन संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. कोल न बोलताच जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे बेल यांनी त्यांना विचारले, "हे शोधायला किती वेळ लागला?" कोल म्हणाले, "तीन वर्षांचे रविवार."

रविवार गणिताला द्यावा की नाही, यावर आमच्या काही वाचकांचे मत आम्ही न विचारताही जाणतो. तो वाद येथे नको. श्रम किती होते एवढेच पाहू.

ज्या दोन संख्या कोल यांनी मांडल्या त्या अशा :

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७

आपल्या संख्येला भागणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येला एक अट पाळावी लागते : तिला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागले असता बाकी १ उरली पाहिजे. २०४७ मध्ये हेच दिसते. २३ आणि ८९ या दोहोंना २२ ने भागले तर बाकी १ उरते. दुसरी अट अशी की, ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरावी. पहिल्या अटीत बसणाऱ्या संख्या ओळीने मांडल्या, तर कोल यांची लहान संख्या १४,४५,५८० व्या जागी येते. दुसऱ्या अटीने त्यांतल्या निम्म्या गळतात, तरी ७ लाख २२ हजारांवर उरतात. एका भागाकाराला दहा मिनिटे धरली आणि दर रविवारी आठ तास बसले, तर पंधरा हजारांहून अधिक रविवार, म्हणजे सुमारे २९० वर्षे लागतील! तीन वर्षांचे रविवार म्हणजे १५६ च. यावरून कळते की कोल नुसते भागत बसले नव्हते. वर्गसंख्यांच्या बाक्यांचा अभ्यास करून त्यांनी एकामागून एक बारीक चाळण्या लावल्या आणि शोधाचे क्षेत्र लहान लहान करीत नेले.

६. आता आपणच पडताळा पाहू

बेल यांची हकिकत सुंदर आहे, पण ती बेल यांच्या शब्दावर उभी आहे. त्या दिवशी कोल खरोखर एक शब्दही बोलले नाहीत काय, हे आज कोण सांगणार? गुणाकाराचे मात्र तसे नाही. तो कोल यांच्याही शब्दावर उभा नाही. पाटी-पेन्सिल असली की झाले.

लहान संख्येत १, ९, ३, ७, ०, ७, ७, २, १ हे अंक आहेत. म्हणून मोठ्या संख्येची पाचच पटींची उत्तरे आधी लिहून ठेवावी :

एकपट : ७६१८३८२५७२८७
दुप्पट : १५२३६७६५१४५७४
तिप्पट : २२८५५१४७७१८६१
सातपट : ५३३२८६७८०१००९
नऊपट : ६८५६५४४३१५५८३

आता एकं स्थानापासून आरंभ करावा : एकपट, मग एक घर डावीकडे सरकवून दुप्पट, मग सातपट, पुन्हा सातपट, शून्याचे घर सोडून पुन्हा सातपट, मग तिप्पट, नऊपट आणि शेवटी एकपट. आठ ओळींची बेरीज केली की आरंभी दिलेली एकवीस अंकांची संख्या उतरते. आम्ही ही बेरीज हाताने केली आहे. पहिल्या वेळी चुकली. दुसऱ्या वेळी जुळली.

चूक लवकर पकडण्यास नऊ टाकण्याची जुनी रीत उपयोगी पडते. लहान अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिच्या अंकांची १०, आणि तिची १. मोठ्या अवयवाची ६४, मग १०, मग १. १ × १ = १. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. जुळले. पण मुलांना हेही सांगावे की, दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही रीत फसते. ती चूक पुष्कळदा दाखवते. चूक नाहीच, अशी हमी देत नाही.

७. यादीचे पुढे काय झाले?

मर्सेन यांच्या यादीत एकूण पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे घातांक असायला नको होते. ६१, ८९ आणि १०७ असायला हवे होते. यांतला ६१ हा रशियातील उरल भागातल्या एका खेड्याच्या धर्मगुरूने शोधला. त्याचे नाव इव्हान पेर्वूशिन (१८२७–१९००). १८८३ साली त्याने दाखवले की, २ चा ६१ वा घात वजा १, म्हणजे २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, ही मूळ संख्या आहे. मर्सेन यांना ६१ च लिहायचे होते आणि छपाईत ६७ झाले, असा तर्क तेव्हा काहींनी केला. मोठ्या माणसाची चूक सहजासहजी कोणी त्याच्या पदरी घालीत नाही, खिळे जुळवणाऱ्याच्या घालतो! पण उरलेल्या तीन चुकांना तो तर्क पुरत नाही. ८९ हा घातांक १९११ मध्ये आणि १०७ हा १९१४ मध्ये सापडला. १९४७ पर्यंत संपूर्ण यादी तपासून झाली.

आज संगणक आपल्या संख्येचे अवयव सेकंदाच्या आत काढतो. मर्सेन संख्यांचा शोध मात्र चालूच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आणि कोल यांच्या फळ्यावर जी विषमता दिसली, म्हणजे गुणणे सोपे, पण गुणाकारावरून अवयव शोधणे कठीण, तिच्याच आधारावर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची एक पद्धत बसवली. तिच्यात शेकडो अंकांच्या संख्या वापरतात, आणि संगणकाच्या जाळ्यावरून जाणारे बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यास ती उपयोगी पडली.

८. शिक्षकांसाठी

या संख्येपासून आम्ही काय शिकलो?

मर्सेन लबाड नव्हते. ते विद्वान होते, कष्टाळू होते, दुसऱ्यांच्या कामाला मनापासून साहाय्य करणारे होते. तरी पाच ठिकाणी चुकले. माणूस चांगला आहे म्हणून त्याचा हिशेब बरोबर ठरत नाही. आणि हिशेब चुकला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. आपल्या मंडळ्यांत या दोन गोष्टींची गल्लत फार होते. वडीलधाऱ्यांचा जमाखर्च कोणी तपासायला मागितला की त्यांना अपमान वाटतो, आणि एखाद्याची बेरीज चुकली की त्याच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली जाते.

वर्गातही तसेच. काही गोष्टी आपण विश्वासाने शिकवतो, काही साक्षीवरून शिकवतो, आणि काही पाटीवर करून दाखवता येतात. मुलाने "कशावरून?" असे विचारले, तर आपण सांगतो ती गोष्ट या तिहींपैकी कोणती, हे त्याला सरळ सांगावे. पाटीवर करून दाखवता येण्याजोग्या गोष्टीसाठी आपल्या वयाचा किंवा पुस्तकाचा धाक घालू नये. तो आम्ही घातला होता, म्हणून एवढे लिहिले.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावले आणि तिच्याच हाताने ९१ पुसायला लावली. ती पुसून परत जाताना तिने विचारले, "सर, बाकीच्या तपासू का?" तिने सगळ्या तपासल्या. आणखी चूक निघाली नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. २ पासून दुप्पट करीत बाराव्या घातापर्यंत जा. प्रत्येकातून १ वजा करून कोणत्या संख्या मूळ येतात ते पाहा.
२. ४९६ ला निःशेष भागणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सर्व संख्या लिहा व त्यांची बेरीज करा.
३. १२७ चा घातांक ७ आहे. लुकास-लेमर यांची रीत पाच वेळा लावून शेवटी शून्य येते काय ते पाहा.
४. कोल यांचा गुणाकार दोन गटांनी वेगवेगळा करावा व उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावी.
५. चर्चेसाठी : ज्यांचा आपण आदर करतो त्यांची चूक आपल्या लक्षात आली, तर ती कशी सांगावी? आपली चूक कोणी दाखवली, तर ती कशी ऐकावी?